घरात कारखान्याचं काम चालतं, तिथं तपासणी कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीजवळ स्वच्छता निरीक्षक म्हणून नुकतीच नेमणूक झालीय, भागात तीन-चार छोटे कारखाने आहेत आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत पन्नासेक घरं अशी आहेत जिथं बायका घरी बसून त्याच कारखान्यांचं काम करतात, मसाल्याचं पॅकिंग, बेदाणा निवडणं, यंत्रमागासाठी धाग्याच्या कांड्या भरणं वगैरे. कारखान्यात फॉर्म भरून होतो पण घरात तो फॉर्म चालत नाही, बाई दारातच उभी राहते, आणि वरिष्ठ रोज विचारतात तपासण्या किती झाल्या. आत जायचा अधिकार आहे का, आणि गेलो तर नेमकं बघायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

माझी सगळी नोकरी याच कामात गेली, आधी सातारा जिल्ह्यात आणि नंतर मिरज-कुपवाड भागात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

तुम्ही अधिकार विचारताय, पण मला वाटतं खरी अडचण दुसरीकडं आहे. कारखान्यात मालक एक असतो, भिंती त्याच्या, नळ त्याचा, संडास त्याचा, धूळही त्याचीच, त्यामुळं नोटीस कोणाला काढायची हा प्रश्न येत नाही. घरात मात्र भिंती बाईच्या आणि धूळ मालकाची. तुम्ही फॉर्म घेऊन त्या बाईपुढं बसलात की मालकाच्या धुळीचा जाब तिला द्यावा लागतो, आणि ते तिला दारात उभ्या उभ्याच कळलेलं असतं, म्हणून ती आत घेत नाही. उद्या माल बंद झाला तर आठवड्याचा बाजार कशानं करायचा हा तिच्यापुढचा प्रश्न आहे. त्यामुळं माझं म्हणणं एवढंच, घर तपासायला जाऊ नका, काम तपासायला जा, आणि माल जिथनं आला तिथपर्यंत त्याचा माग काढा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधी सांगतो. तुम्ही महापालिकेत आहात, नगरपालिकेत की जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रात, त्यावर तुमचे अधिकार कुठल्या कायद्यातनं येतात हे ठरतं, तेव्हा तुमचं अधिकारपत्र पहिल्यांदा नीट वाचा. दुसरं म्हणजे आकार. १९४८ च्या कारखाने अधिनियमात मुळात विजेवर काम असेल तर १० कामगार आणि विजेशिवाय २० कामगार असले की तो कारखाना, असं होतं. महाराष्ट्रानं ते २० आणि ४० केलं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्यातही २० आणि ४० हाच आकडा आहे. म्हणजे एका घरात चार बायका कांड्या भरतायत तर ते घर कारखान्याच्या व्याख्येत येत नाही, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा माणूस तिथं फिरकणार नाही. तिसरं, खाण्याचा माल असेल तर अन्न सुरक्षा कायदा २००६ लागू होतो, तो घरालाही लागू होतो, अगदी एकटी बाई पापड करून विकत असली तरी नोंदणी लागते, पण तो विषय अन्न व औषध प्रशासनाचा. म्हणजे त्या घरात नियमितपणे जाणारा सरकारी माणूस बहुतेक तुम्हीच, आणि तुमच्यासोबतची आशाताई. तुमच्या कामाला किंमत आहे ती त्यामुळंच.

अधिकाराचं सांगायचं तर सार्वजनिक आरोग्यासाठी जागेत जायचा अधिकार अधिकृत माणसाला असतो, पण राहत्या घराची गोष्ट वेगळी, तिथं आधी कळवून, दिवसाउजेडी, घरातल्या बायकांना आवरायला वेळ देऊनच जायचं. साथ आली असेल तर गोष्ट निराळी. पण खरं सांगू का, अधिकार दाखवून आत गेलात तर एकदाच जाल, पुढच्या वेळी माल शेजारच्या घरात गेलेला असेल आणि पोत्यांवर गोधडी टाकलेली असेल. मी जायचो तो दुपारी, जेवणं उरकल्यावर, कारण सकाळी पाण्याची आणि डब्यांची गडबड असते आणि संध्याकाळी पुरुषमाणसं घरी येतात, मग बाई बोलत नाही, तिचा नवरा बोलतो. आशा किंवा आरोग्य सेविका सोबत हवीच. रजिस्टर पिशवीत ठेवा, उंबऱ्याशी बसा, पाणी मागा. पाणी मागण्यात दोन कामं होतात, बोलणं सुरू होतं आणि पाणी कशातनं काढून देतात तेही दिसतं, हात बुडवून तांब्या भरला की ओगराळ्यानं काढला, हंड्यावर झाकण आहे का.

पहिला प्रश्न नेहमी एकच विचारा, हा माल कोणाचा? मग नग किंवा किलोमागं किती मिळतात, माल आणून कोण देतं, परत कोण नेतं. हे आपलं काम नाही असं वाटेल, पण याच उत्तरातनं तुम्हाला नोटीस लिहायचं नाव मिळतं. दुसरा प्रश्न, रात्री माल कुठं ठेवता? याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. कारखान्यातला कामगार पाळी संपली की त्या धुळीतनं बाहेर पडतो, घरी बसून काम करणारी बाई तिथंच झोपते, तिचं तान्हं पोरही तिथंच झोपतं, म्हणजे आठ तासांचा संपर्क चोवीस तासांचा होतो. कितीतरी घरांत मी बघितलंय, मिरचीच्या पुडीची पोती एकावर एक रचलेली आणि त्याला टेकूनच पाळणा. अशा घरात पोराचा खोकला औषधानं जात नाही, पोती हलवली की जातो. तर निदान एवढं करून घ्यायचं की माल झोपायच्या खोलीत नको, बंद पिंपात नाहीतर दुहेरी पिशवीत हवा, आणि काम झाल्यावर कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. कोरड्या झाडूनं खाली बसलेली बारीक धूळ परत उडते आणि तीच छातीत जाते.

जागेचा अंदाज घ्यायला मी १९४८ च्या कायद्यातलाच आकडा वापरायचो. घराला तो कायद्यानं लागू नव्हता, पण माणसाच्या फुप्फुसाला घर काय आणि कारखाना काय, हवा तेवढीच लागते. त्यात दर कामगारामागं १४.२ घनमीटर जागा सांगितली होती, म्हणजे साधारण ५०० घनफूट. आपल्याकडची नेहमीची खोली १० बाय १२, उंची ९ फूट, हिशोब केला तर १०८० घनफूट, म्हणजे दोन माणसांपुरती. तिथं चार बायका बसल्या, कोपऱ्यात पोती आणि एकच खिडकी, तीही धूळ बाहेर जाऊन शेजारी भांडतात म्हणून बंद, तर काय होत असेल ते मोजायला यंत्र लागत नाही. कमाल म्हणजे हा हिशोब बाईसमोर टेप लावून केला की तिला लगेच पटतो, सल्ला देऊन पटत नाही.

मालानुसार प्रश्न बदलायचे, इथं फॉर्मचा काही उपयोग नाही. विट्याकडं यंत्रमागाची कामं, तिथं घरात कांडी मशीन असतं, धागा सुती असेल तर एकच प्रश्न नेमका विचारा, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामाला बसलं की छाती आवळल्यासारखी होते का आणि पुढच्या दिवसांत जरा कमी होते का? कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची सुरुवात अशीच असते, नुसतं 'खोकला आहे का' विचारलं तर सगळ्याच हो म्हणतात आणि हाती काही लागत नाही. मागांच्या शेडला लागून घर असेल तर आवाजाचंही बघा, हातभर अंतरावर उभं राहून ओरडून बोलावं लागत असेल तर त्या आवाजात दिवसभर बसणाऱ्याच्या कानाचं नुकसान होतंय असं समजा. तासगाव-कवठेमहांकाळकडं बेदाणा, त्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, ताजी धुरी दिलेला माल बंद खोलीत निवडायला दिला की डोळ्यांतनं पाणी, घशात खवखव, आणि ज्याला दमा आहे त्याला तर अटॅकही येऊ शकतो. अशा वेळी मालकाला एवढंच सांगायचं की धुरीनंतर माल उघड्यावर हवा लागू द्या, मग घरी पाठवा, यात त्याचा खर्च काहीच नाही, फक्त जरा थांबावं लागतं. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांची घरं बघा, तिथं लाकडाचा बारीक भुसा, सूर खुलवायला तारांखालची घोडी घासतात (जवारी लावणं) त्याची पूड, आणि वरनं स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश. स्पिरिट घरात आणि शेगडीही त्याच खोलीत, हे मात्र एक दिवससुद्धा चालू देऊ नका. त्या माणसांच्या हातात पिढ्यांची कला आहे, त्यांच्याशी बोलताना त्याची जाण ठेवून बोला, ती स्वतःहून पॉलिशची जागा बदलतात.

खाण्याच्या मालाबद्दल एक फार मोठा गैरसमज आहे आणि त्यानं लोकांचं नुकसान होतं, म्हणून जरा थांबतो. घरात क्षयरोगाचा पेशंट आहे म्हणून त्या घरचं पापडाचं काम बंद करायला लावणारे लोक मी बघितलेत. क्षयरोग पापडातनं पसरत नाही, तो बंद खोलीत श्वासातनं पसरतो, म्हणजे धोका पापड खाणाऱ्याला नाही, शेजारी बसून लाटणाऱ्या बायकांना आहे, तोही उपचार सुरू व्हायच्या आधी जास्त. नीट उपचार सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची ताकद बरीच कमी होते, पेशंटचा डॉक्टर सांगेल तसं ठरवायचं. तोवर खिडक्या उघड्या, बाई ओसरीत बसून काम करू शकते, बाकीच्यांची तपासणी करून घ्यायची आणि निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये चालू झालेत का तेवढं बघायचं. काम तोडलंत तर ती आजार लपवेल, आणि लपवलेला क्षयरोग सगळ्या गल्लीला महागात पडतो. उलट जुलाब, विषमज्वर, कावीळ असेल, हातावर पिकलेली जखम असेल, तर मात्र खाण्याच्या मालाला हात लावू द्यायचा नाही, कारण हे हातातनं आणि पाण्यातनं मालात जातं. अशा वेळी त्या दिवसांची मजुरी बुडू नये म्हणून मालकाला दुसरं काम द्यायला सांगा, लेबल लावणं, खोकी बांधणं, काहीतरी. मालक लोक ऐकतात, नीट समजावून सांगितलं तर.

पाण्याचं थोडक्यात. घरात आणि कारखान्यात दोन्हीकडं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का याची चाचणी, स्वतः करा, दुसऱ्याच्या नोंदीवर सही करू नका. टाकी असेल तर १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), अर्धा तास थांबायचं, मग टेस्ट. पावडर उघड्या पोत्यात पडून असेल तर तिचा क्लोरीन उडालेला असतो, मग कितीही टाका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडं जमिनीखालच्या टाक्यांत पुराचं पाणी शिरलं, पाणी उतरल्यावर वरवर स्वच्छ दिसणाऱ्या टाक्या लोकांनी तशाच वापरायला काढल्या. तुमच्या भागात कृष्णेचं पाणी येत असेल तर कुठल्या शेडला आणि कुठल्या घराला अशी टाकी आहे याची यादी पावसाळ्याआधीच करून ठेवा.

आता कारखान्यांकडं या. मोठ्या कारखान्याची यंत्रं, रसायनं हा संचालनालयाचा विषय, तुम्हाला काही धोकादायक दिसलं तर तोंडी सांगून सोडू नका, लेखी कळवा आणि पोच घ्या. तुमचं काम पाणी, संडास, गटार, डासांची पैदास, कॅन्टीन. पिण्याच्या पाण्याचा नळ संडास-मुतारीपासून निदान ६ मीटर लांब हवा, हे जुन्या कायद्यातलं माप लक्षात ठेवा, छोट्या शेडमध्ये हे हमखास चुकलेलं असतं. बायकांचा संडास स्वतंत्र आहे का एवढ्यावर थांबू नका, त्याला आतनं कडी आहे का, पाणी आहे का, आणि किल्ली कोणाकडं असते ते बघा. किल्ली सुपरवायझरच्या खिशात असली की बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग लघवीच्या जळजळीच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येतात. टेरेसवर चढा, भंगार बघा, टायर, पिंपं, कूलर, डेंग्यूच्या अळ्या हटकून तिथंच सापडतात.

सेप्टिक टाकीत माणूस उतरवायचा नाही, संरक्षक साधनांशिवाय तशी सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि हे प्रत्येक कारखान्यात मालकाला समोर बसवून सांगा. हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांचंही तसंच. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत माल ठेवायची पद्धत जुनी, तोंड लहान, आत पोकळी मोठी आणि हवा कोंडलेली, ते ना घर ना कारखाना, त्यामुळं कोणाच्याच तपासणीत येत नाही. उघडल्या उघडल्या कोणी आत उतरलं तर ऑक्सिजन नसल्यानं काही क्षणांत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. जुनी माणसं दिवा खाली सोडून बघायची, पण तेवढ्यावर विसंबू नये, ऑक्सिजन मोजायचं मीटर मिळतं, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. तुमच्या भागात असं पेव, खोल टाकी, हौद काहीही असेल तर ते फॉर्ममध्ये रकाना नसला तरी लिहा.

आणि कारखान्यात गेल्यावर एक प्रश्न विचाराच, तुमचा माल बाहेर घरी कोणाकोणाला देता, त्यांची यादी दाखवा. ही कल्पना माझी नाही. इंग्लंडमध्ये १९०१ च्या फॅक्टरी कायद्यात अशी तरतूद होती, की ठरावीक धंद्यांतल्या मालकांनी घरी माल नेणाऱ्यांची नावं-पत्ते वहीत ठेवायचे आणि वर्षातनं दोनदा, १ फेब्रुवारी आणि १ ऑगस्टपर्यंत, स्थानिक कौन्सिलला पाठवायचे, मग आरोग्य निरीक्षक त्या घरांना भेट द्यायचे. घरात कोणाला देवीचा रोग किंवा स्कार्लेट फीव्हर हा संसर्गजन्य ताप असेल तर तिथं कपडे शिवायला द्यायलाही बंदी होती, आणि जबाबदार माल देणारा, शिवणारी नाही. आपल्याकडं विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्यांना कामगार मानलं, बाकीच्या धंद्यांत अशी यादी मागायची पद्धत रुजली नाही. पण तुम्हाला विचारायला कोणी मनाई केलेली नाही. बहुतेक मालकांकडं मजुरीच्या हिशोबाची वही असतेच, तीच तुमची यादी. आणि त्या यादीतल्या बायकांची असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी झालीय का ते आशाताईकडनं बघून घ्या, म्हणजे तपासणीतनं त्यांच्या हाताला काहीतरी लागेल.

याचा परिणाम नेहमी गोडच होतो असं नाही, तेही सांगतो. एका मसाल्याच्या युनिटमध्ये शेड चकाचक असायची, कारण धुळीचं सगळं काम मागच्या गल्लीतल्या घरांत जायचं. गल्लीतल्या पोरांचे डोळे आणि खोकल्याच्या तक्रारी एकाच वेळी वाढल्या तेव्हा आम्ही माग काढला, रिपोर्ट घरांच्या नावानं न करता युनिटच्या नावानं केला. मालकानं एक्झॉस्ट बसवला आणि बायकांना शेडमध्ये बोलावलं. पोरांचा खोकला कमी झाला. पण ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस होतं किंवा तान्हं मूल होतं त्या बायकांचं काम गेलं, कारण त्यांना घर सोडून जाता येत नव्हतं. मग परत मालकाकडं जाऊन धूळ न उडणारं काम, पाकिटं मोजणं, पिशव्या चिकटवणं, त्यांच्या घरी द्यायचं असं ठरलं, तेही सगळ्यांना पुरलं नाही. म्हणून काही सुचवायच्या आधी त्या घरात अजून कोण आहे, बाईला बाहेर पडता येतं का, हे विचारून घ्या. काम बंद करा हा सल्ला सगळ्यात सोपा आणि बहुतेक वेळा सगळ्यात वाईट.

वरिष्ठांना आकडा लागतो, तो द्यावाच लागतो, पण नोंद अशी ठेवा की प्रत्येक घराच्या नावापुढं माल देणाऱ्याचं नाव असेल, कामाचा प्रकार, खोलीचं माप, किती जणी बसतात, माल रात्री कुठं, आणि सांगितलेली एकच सुधारणा. एका भेटीत एकच सांगा, पाच सांगितल्या तर एकही होत नाही. महिनाभरानं तीच वही मालाच्या नावानं लावून बघा, पन्नास घरांच्या पन्नास तक्रारी तीन-चार मालकांच्या नावावर येऊन बसतील, आणि मग तुम्हाला पन्नास नोटिसा काढायच्या नाहीत, तीन-चार मालकांना भेटायचंय. सुरुवात धुळीच्या कामाच्या घरांपासून करा, त्यातही जिथं पाच वर्षांखालचं मूल आहे ती घरं आधी, आणि पोती झोपायच्या खोलीतनं हलवायला लावा.